आठव्या जागेवरचा वात्स्लाव

वेस बॅट खांद्यावर टाकून डगआउटच्या पायऱ्या चढला, तेव्हाच लीडाला कळलं की चुकीचा मुलगा मैदानात उतरलाय.

तिनं पेन्सिल कागदावरून उचलली आणि तशीच धरून ठेवली. नववा, शेवटचा डाव, तिसऱ्या बादला संपणारा. दोन बाद. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आपला एकेक जण. ओटर क्रीक पाच, आपण चार. याआधी ह्लाव्कांचा घरचा संघ हेरन्स सलग तेवीस सामने हरला होता. चोविसावा हरायला एक बाद पुरे होता आणि जिंकायला एक फटका. बुधवारी जेवणाच्या टेबलावर आईनं सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, रविवारपर्यंत एक सामना जिंका. नाही जिंकलात तर सोमवारी लीगला पत्र जाईल आणि हेरन्स बंद. मग तिनं बटाटे पुढे सरकवले होते. आज रविवार होता.

बेसबॉलमधला फलंदाजीचा क्रम म्हणजे काही अवघड गोष्ट नाही. लीडा तिसरीच्या वर्गाला पाण्याच्या नळापाशी उभं करताना जे सांगायची तेच: ज्याच्या मागे उभा राहिलास त्याच्याच मागे राहायचं, मध्ये घुसायचं नाही. नऊ जणांची नावं सामन्याआधी कार्डावर लिहून पंचाच्या हातात द्यायची आणि शेवटपर्यंत त्याच रांगेनं यायचं. वेसची जागा तिसरी. मागच्या डावात शेवटचा बाद झाला तो वेसच. उंच उडवलेला चेंडू त्यांच्या दुसऱ्या बेसवाल्यानं आरामात झेलला होता. आता पाळी आठव्या जागेची होती आणि आठवा होता जिम.

मैदानावरच्या उंच खोपटात तिच्या शेजारी बसून भोंग्यावर नावं पुकारणारा गावचा खाटीक कार्डाच्या नकलेकडे पाहून म्हणाला, “फलंदाजीला येतोय, व्ही. ह्लाव्का.” सकाळपासून तो वेस आणि जिम, दोघांनाही असंच पुकारत होता, कारण कार्डावर दोन्हीकडे तसंच लिहिलं होतं.

ही तिच्या भावाची, मॅनेजर एमिलची करामत. तेवीस हारींनंतर माणूस काहीही करून बघतो. एमिलनं आज सकाळी ठरवलं की वडील लिहायचे तसं कार्ड लिहायचं, घरातल्या मुलांना बाप्तिस्म्याच्या नावानं. आता लिंडेन फेरी गावातल्या बोहेमियन, म्हणजे मूळच्या चेक, वस्तीत वात्स्लाव नावाच्या माणसाचं इंग्रजीत काय होतं याला कधीच धरबंध नव्हता. कुणाचा वेस्ली झाला, कुणाचा जेम्स. शाळेतल्या कारकुनाच्या मनात त्या दिवशी जे आलं ते. रुडॉल्फ आणि एमिल, दोघा भावांनीही आपल्या थोरल्याला वडिलांचं नाव ठेवलं. रुडॉल्फचा जिम झाला आणि एमिलचा वेस. बावीस वर्षं त्यावरून घरात एकदाही घोटाळा झाला नव्हता.

वेसनं बुटांना चिकटलेली माती बॅटनं झाडली. लीडाला वाटलं, ओरडावं. पण स्कोअररनं ओरडायचं नसतं. क्रम चुकला तर तो समोरच्या संघानं पकडायचा. पंचानं सांगायचं नाही, आणि स्कोअररनं तर नाहीच नाही. नियमच आहे तसा, आणि तिला तो नेहमी शहाणपणाचा वाटत आला होता. परीक्षेत आपण वर्गातून फिरतो, एखाद्या पोराचं तिसरं गणित चुकलेलं दिसतं, तरी पुढच्या बाकाकडे जायचं असतं.

ती गप्प बसली. दुसराच चेंडू वेसनं उजवीकडच्या कुंपणापर्यंत मारला. बेसवरचे दोघेही धावत घरच्या बेसवर आले. सहा-पाच.

लीडाची पेन्सिल अजून हवेतच होती.

*

एमिलनं फटका पाहिलाच नव्हता.

जूनपासून त्याला ही सवय लागली होती. शेवटचा बाद उरला की तो डगआउटच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीकडे बघत राहायचा. बादलीत बघतच तो म्हणाला होता, “ह्लाव्का, तुझी पाळी,” आणि कुणीतरी उठून गेलं होतं. बॅटचा आवाज आला, मग माणसांचा आला. एवढा मोठा आवाज त्यानं दोन महिन्यांत ऐकला नव्हता. मान वर केली तर सगळा संघ मैदानात धावत होता आणि मध्यभागी त्याच्या पोराला खांद्यावर घेतलं होतं.

“वेस?” तो स्वतःशीच म्हणाला. “वेस कसा काय?”

डगआउटमध्ये फक्त जिम बसला होता, हेल्मेट मांडीवर धरून. तो म्हणाला, “जिंकलो, काका.”

“हो रे. जिंकलो.” एमिलला आनंद झाला, पण ही पाळी वेसची नव्हती हेही त्याला ठाऊक होतं.  तो बाहेर आला. तीनशेच्या आसपास माणसं आली होती, त्यातली निम्मी कुंपण ओलांडून गवतावर उतरली होती. बँडवाले फक्त जिंकल्यावर वाजवायचे. त्यांच्यातल्या दोघांना सूर सापडत नव्हता.

त्या गर्दीतून ओटर क्रीकचा मॅनेजर सावकाश चालत आला. तंबाखू चघळणारा जाडा माणूस, तसा वाईट नव्हता. तो थेट पंचासमोर जाऊन उभा राहिला.

“टॉलिव्हर, जरा कार्ड काढा.”

“सामना संपला की.”

“माझी पोरं अजून जागेवर उभी आहेत. पुढचा चेंडू पडेपर्यंत हरकत घेता येते. आठव्या जागी कोण आहे तेवढं वाचा.”

टॉलिव्हरनं खिशातून कार्ड काढून लांब धरलं. “व्ही. ह्लाव्का.”

“आणि तिसऱ्या?”

टॉलिव्हरनं कार्ड आणखी लांब धरलं. “व्ही. ह्लाव्का.”

“एकच माणूस दोनदा खेळतोय?”

“दोघं आहेत,” एमिल म्हणाला. “चुलतभाऊ.”

“आणि नाव एकच?”

“आजोबांचं.”

“काय घर आहे,” मॅनेजर म्हणाला. “हे बघा, आत्ता ज्यानं मारला तोच मागच्या डावात बाद झाला. मी या डोळ्यांनी पाहिलंय. तो तिसरा. आठवा तो नाही. क्रम चुकला, म्हणजे जो यायला हवा होता तो बाद. डाव खलास.”

“तुझ्या डोळ्यांवर मी निकाल देऊ का?”

“मग तुमच्या डोळ्यांवर द्या.”

“मी चेंडू बघतो,” टॉलिव्हर म्हणाला. “पाठीवरचे आकडे वाचत बसलो तर चेंडू कोण बघणार? आणि खरं सांगू का, या सगळ्या ह्लाव्कांचे कान मला सारखेच दिसतात.” त्यानं वर पत्रकारांच्या बाकाकडे पाहिलं. तिथं फक्त एक कागदी पेला होता. वर्तमानपत्राचा पोऱ्या सातव्या डावातच कुणाच्या तरी लग्नाला निघून गेला होता. हेरन्सचा निकाल काय लिहायचा ते त्याला आता पाठ झालं होतं. टॉलिव्हर एमिलकडे वळला. “तूच सांग. आठवा कोण?”

एमिलनं तोंड उघडलं. त्याला सगळं स्पष्ट माहीत होतं, आणि तरी त्या क्षणी खरोखरच वाटलं की आपल्याला काही आठवत नाही. सकाळी स्वयंपाकघरात कार्ड लिहिताना आपण तिसऱ्या ओळीत लिहिलेला वात्स्लाव कुठला होता? त्यानं तर वडिलांचंच नाव लिहिलं होतं, दोनदा.

“मी... बघून सांगतो,” तो म्हणाला.

“काय बघून?”

एमिलनं टोपी पुढे ओढली.

“ठीक आहे,” टॉलिव्हर म्हणाला. “मी खोलीत जाऊन तोंड धुतो. स्कोअरर बाईंना पुस्तक घेऊन माझ्याकडे पाठव. त्या सांगतील तो आठवा. तोवर सामना संपलेला नाही.”

“ती याची बहीण ना हो?” ओटर क्रीकच्या मॅनेजरनं विचारलं.

“बहीणच आहे. अकरा वर्षं मी त्यांच्या पुस्तकावर सही करतोय.”

जाड्या माणसानं विचार केला, तंबाखू या गालातून त्या गालात घेतली आणि म्हणाला, “मग चालेल.”

एमिलला यानं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

*

लीडाची आई रोझालिया ह्लाव्का चाळीस वर्षं हा खेळ बघत होती आणि त्यातलं तिला निम्मंच कळत होतं. ही गोष्ट तिनं नवऱ्याला मरेपर्यंत कळू दिली नाही. टाळ्या कधी वाजवायच्या ते ती लीडाच्या खोपटाकडे बघून ठरवायची. लीडानं मान खाली घालून लिहायला घेतलं की काहीतरी घडलेलं असायचं. आज एवढा गलका झाला, माणसं नाचायला लागली, आणि लीडा काहीच लिहीत नव्हती. म्हणून रोझालियानं टाळ्या वाजवल्या नाहीत.

आता ती तिकिटांच्या खोलीत लाकडी खुर्चीवर बसली होती. मांडीवर पंचासाठी आणलेली कोलाचे या गोड पावांची टोपली. दर रविवारी सामना संपला की ती त्याला आलुबुखाराचे सहा कोलाचे द्यायची, निकाल काहीही लागो. टेबलावर लीडाचं उघडं पुस्तक. तिची तिन्ही मुलं त्या पुस्तकाभोवती उभी होती. एमिल एकोणपन्नास वर्षांचा, पण कान लाल झाले की अजून नऊचा दिसायचा.

“मला कुणीतरी नीट सांगा,” ती म्हणाली. “जिंकलो की नाही?”

“ते लीडावर आहे,” रुडॉल्फ म्हणाला. लाकडाच्या वखारीतून तो थेट आला होता, बाहीला भुसा होता. शेवटचा अर्धा डावच त्यानं पाहिला होता. “म्हणजे खरं तर कुणावरच नाही. आठवा जिम आहे हे या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. लीडा जाईल, सांगेल, विषय संपला. आई, हरलो तर संघ बंद, असा तू शब्द दिला होतास.”

“मला माझ्या शब्दाची आठवण करून देऊ नकोस, रुडी.”

“पुस्तकात काय लिहिलंय?” एमिलनं विचारलं.

“तू जे कार्डावर लिहिलंस तेच,” लीडा म्हणाली. “नक्कल करायची असते. दोन्हीकडे व्ही.”

“म्हणजे पुस्तक काहीच सांगत नाही.”

“पुस्तक नाही सांगत.”

“मग...” एमिल थांबला. तो खोलीतल्या एकुलत्या खिडकीपाशी गेला आणि पाठ करूनच बोलला. “मी तुला खोटं लिही म्हणत नाही, लीडा. एक अक्षर खोडायला नको. तू फक्त म्हण, माझ्या पुस्तकात दोन्ही सारखेच आहेत. हे खरंच आहे. एवढं म्हण आणि परत ये. टॉलिव्हरकडे दुसरं काही नाही. तो फटका मान्य करून टाकेल.”

“तो मला ते विचारणार नाही. तो विचारेल, आठवा कोण.”

“तेव्हा म्हण, नक्की आठवत नाही.”

“मला?”

 लिंडेन फेरीत कुणालाही विचारा, लीडाला काय आठवत नाही म्हणून. तिच्या हाताखालून गेलेल्या पोरांची पोरं आता तिच्या वर्गात होती, आणि बापाला कुठला पाढा येत नव्हता ते ती त्यांना सांगायची.

“एक विचारू?” रुडॉल्फ म्हणाला. “तुला हे दिसलं कधी?”

“वेस बाहेर आला तेव्हा.”

“चेंडू पडायच्या आधी?”

“हो.”

“आणि तू बसून राहिलीस?” आता एमिलनंच वळून विचारलं. “एक हाक मारली असतीस तर जिम गेला असता. जे व्हायचं ते सरळ झालं असतं.”

“स्कोअररनं बोलायचं नसतं.”

“बहिणीनं?”

“मी तिथं बहीण म्हणून बसत नाही, एमिल.”

“ते तर मला आज कळलं.”

रोझालियाला वाटलं, हे असंच बोलत राहिले तर रात्र होईल. पण तिला स्वतःलाही धागा सापडत नव्हता. गप्प बसायचा नियम, बोलायचा नियम, जिंकलेलं हरलेलं. तिनं टोपलीवरचा रुमाल सारखा केला.

“ती पोरं कुठं आहेत?” तिनं विचारलं. “ज्यांच्या नावावरून चाललंय ती?”

ती दारातच होती. वेसचा शर्ट कुणीतरी ओढून फाडला होता आणि तो अजून हसतच होता, पण हसू आता कुठं ठेवावं ते त्याला कळत नव्हतं. त्याच्या मागे जिम.

“वेस,” रोझालिया म्हणाली. “तू का गेलास रे?”

“पप्पा म्हणाले, ह्लाव्का, तुझी पाळी. वर भोंग्यावर पण व्ही. ह्लाव्का म्हणाले.”

“तुला तुझी जागा माहीत नाही?”

“मला माहीत होती, आजी. पण...” त्यानं जिमकडे पाहिलं नाही, म्हणून सगळ्यांनी जिमकडे पाहिलं.

“मी त्याला म्हटलं, तू जा,” जिम म्हणाला.

खिडकीबाहेर बँडला सूर सापडला होता.

“काय म्हणालास?” रुडॉल्फनं विचारलं.

“वेसनं मला विचारलं, तुला बोलावतायत ना? मी म्हटलं, नाही, तुलाच. पप्पा, मी आज तीनदा गेलो आणि तीनदा बाद झालो. आठवडाभर मला चेंडू नीट दिसत नाहीये. दोन बाद होते. बुधवारी आजी जे म्हणाली ते मलाही ऐकू आलं होतं.” तो भराभर बोलत होता, पाठ केल्यासारखा. “मला वाटलं, शेवटचा बाद मी नको व्हायला. बॅट मीच त्याच्या हातात दिली.”

 मग रुडॉल्फनं खुर्ची ओढली, पण बसला नाही.

“लीडा,” तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “थांब जरा. घाई काय आहे.”

“आत्ताच म्हणालास विषय संपला.”

“मला कळू दे आधी. तू आठवा जिम म्हणालीस तर पुस्तकात काय लागतं?”

“ज्याची पाळी होती तो बाद. चेंडू कॅचरनं झेलला असं धरायचं.”

“म्हणजे जिम बाद.”

“हो.”

“बॅट हातात न घेता?”

“हो.”

“हेरन्सचा शेवटचा सामना, शेवटचा बाद, आणि तिथं माझ्या पोराचं नाव. कायमचं.” रुडॉल्फनं बाहीवरचा भुसा झटकला. “एमिल म्हणतो त्यात तथ्य आहे. पुस्तक दोन्ही बाजूंनी सारखंच आहे. वेसनं फटका मारला हे तर खरं आहे ना? चेंडू कुंपणापर्यंत गेला. तो तर कुणी खोटा म्हणत नाही.”

“तू तर संघ बंद करायला निघाला होतास,” लीडा म्हणाली.

“बंद करायचाच आहे. पण असा नाही.”

एमिल इतका वेळ जिमकडे बघत होता. आता तो टेबलापाशी आला.

“तिला जाऊ दे, रुडी.”

“तू? तूच आत्ता...”

“मी आत्ता जे म्हणालो ते म्हणालो. पोरगा घाबरला, कारण मी बादलीत बघत होतो. मी मान वर करून नुसतं जिम म्हटलं असतं तर तो गेला असता. बाद झाला असता, पण गेला असता.” तो पुतण्याकडे वळला. “गेला असतास ना रे?”

“माहीत नाही, काका.”

“असो. कार्ड मी लिहिलं. नाव मी नीट लिहिलं नाही. लीडा, तू जा.”

“आणि तुझा संघ?” रुडॉल्फनं विचारलं. “अकरा वर्षं?”

“मला आता काही कळत नाहीये,” एमिल म्हणाला. “पण त्या टॉलिव्हरसमोर मला माझ्या पोराची जागा आठवेना. मॅनेजर आहे मी. त्याहून वाईट अजून काय व्हायचंय?”

रोझालिया ऐकत होती. दहा मिनिटांपूर्वी हा इकडे होता आणि तो तिकडे. आता दोघांनी जागा बदलल्या होत्या, आणि दोघांचेही चेहरे खरे होते. तिला त्या दोघांचाही राग येईना. बुधवारी आपण बोललो ते रागानं बोललो होतो का? दुकानात कुणीतरी हेरन्सवरून विनोद केला होता, तिच्या पाठीमागे, आणि ती घरी येऊन बटाटे सोलत बसली होती. आपल्याला संघ बंद करायचा होता की त्यांनी जिंकायला हवं होतं?

“मी म्हटलं होतं, जिंका,” ती सावकाश म्हणाली. “कसं जिंका, ते मी म्हटलं नव्हतं.”

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. लीडानं सगळ्यात जास्त वेळ.

“आई, तूसुद्धा?”

“मी काही सांगत नाहीये. मी काय म्हटलं होतं तेवढंच सांगतेय. तू मघाशी गप्प बसलीस ना? मग आताही बस. तुझा तो नियमच आहे.”

लीडा खुर्चीवर बसली, आईच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. वर्गात एखाद्या पोराला समजावताना ती अशीच बसायची, म्हणजे दोघांचे डोळे एका उंचीवर येतात.

“ऐक हं. मला कुणी विचारलं नसतं तर मी जन्मभर गप्प बसले असते. ओटर क्रीकच्या लक्षात आलं नसतं तर आपण जिंकलो असतो, आणि मी सहा-पाच लिहून पुस्तक मिटलं असतं. मला त्याची लाजही वाटली नसती. तो खेळाचा भाग आहे. पण आता विचारलंय. आता गप्प बसले तर ते गप्प बसणं राहत नाही, आई. ते बोलणंच होतं.”

“मला नाही कळलं,” रोझालिया म्हणाली.

“मलाही पुरतं कळलेलं नाही,” लीडा म्हणाली. “पण टॉलिव्हर तोंड धुऊन बसलाय.”

तिनं पुस्तक उचललं. रोझालियानं काही वेळ तिच्याकडे पाहिलं आणि मग टोपली तिच्या हातात दिली.

“हे घेऊन जा. दर रविवारी देतो आपण.”

*

टॉलिव्हर ओल्या केसांनी बाकावर बसला होता. त्यानं टोपलीकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

“आधी सांगा,” तो म्हणाला. “आठवा कोण?”

“जिम. रुडॉल्फचा मुलगा. ज्यानं मारला तो वेस, तिसरा.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यानं मान हलवली, पुस्तकात जागा शोधली आणि सही केली. “पाच-चार, ओटर क्रीक. एमिलला म्हणावं, पुढच्या वेळी आडनावाआधी नाव पूर्ण...” तो मध्येच थांबला. गाव लहान होतं. बुधवारचं बोलणं त्याच्याही कानावर आलेलं होतं. “म्हणजे, त्याला नमस्कार सांगा,” तो म्हणाला.

ती परत आली तेव्हा कुणीच जागेवरून हललं नव्हतं.

“पाच-चार,” लीडा म्हणाली.

“कुणाकडे?” आईनं विचारलं.

“त्यांच्याकडे.”

रोझालियानं मांडीवरचे न दिसणारे चुऱ्याचे कण झाडले. “मग उद्या पत्र जाईल,” ती म्हणाली. “लीडा, तूच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे.” रुडॉल्फ काहीतरी बोलणार होता. तो जिंकला होता, निदान बुधवारी त्याला जे हवं होतं ते झालं होतं, पण त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. एमिलनं डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली.

“बाहेर नाचतायत ते,” वेस म्हणाला. “त्यांना कोण सांगणार?”

हा विचार कुणी केलाच नव्हता.

“मी सांगतो,” एमिल म्हणाला. “कार्ड माझं.”

“तू नको, तू रडशील,” रुडॉल्फ म्हणाला. “घरातर्फे मी सांगतो.”

“तू सांगितलंस तर लोक म्हणतील यानंच केलं.”

“मग लीडाला...”

“स्कोअरर बोलत नाही म्हणे,” एमिल म्हणाला. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच लीडाला थोडं हसू आलं, आणि एमिललाही. त्या गडबडीत जिम दारातून कधी गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

वर खोपटात कुणी नव्हतं. खाटीक खाली बायकोबरोबर नाचत होता. जिमला भोंग्याचं यंत्र कसं चालतं ते नीट माहीत नव्हतं. त्यानं एक कळ दाबली तर काही झालं नाही, दुसरी दाबली तर भोंगा किंचाळला आणि खालच्या सगळ्यांनी कानांवर हात ठेवून वर पाहिलं. एवढ्या माणसांनी त्याच्याकडे एकदम कधीच पाहिलं नव्हतं. फलंदाजीला गेल्यावर असं होत नाही. तिथं माणूस फक्त चेंडू बघतो.

“ऐका,” तो म्हणाला. त्याचा आवाज पलीकडच्या कुंपणावर आपटून परत आला आणि त्याला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला. “सामन्याचा निकाल बदललाय. शेवटची पाळी आठव्या फलंदाजाची होती. आठवा मी होतो. मी गेलो नाही. माझ्या जागी माझा भाऊ गेला, त्याची चूक नाही. त्यामुळे मी बाद आहे. धावा मोजल्या जात नाहीत. पाच-चार, ओटर क्रीक.” आणखी काय सांगायचं असतं ते त्याला सुचेना. “आल्याबद्दल आभार,” तो म्हणाला.

खाली बँड थांबला, एक म्हातारा कर्णेवाला सोडून. त्याला ऐकू कमी येत होतं. नाचणारी माणसं एकमेकांचे हात तसेच धरून उभी राहिली. कुणी शिव्या दिल्या नाहीत. कुणाला अजून काही समजलेलंच नव्हतं. ओटर क्रीकच्या जाड्या मॅनेजरनं डोक्यावरची टोपी काढून खोपटाच्या दिशेनं थोडी उचलली आणि तो आपल्या बसकडे निघाला.

“हरलो म्हणतोय का?” खोपटाच्या बरोबर खाली उभ्या असलेल्या एका म्हातारीनं नवऱ्याला विचारलं.

“तसंच वाटतंय.”

“पण मारला ना त्यानं? मी पाहिला.”

“त्यानं मारला, पण तो तो नव्हता.”

“मग हा कोण बोलतोय? ज्यानं मारला तो?”

“काय माहीत. ह्लाव्कांपैकी कुणीतरी. सगळे एकाच नावाचे आहेत.”

जिमनं ते ऐकलं. तो जिन्याकडे निघाला होता, तो परत आला आणि त्यानं पुन्हा कळ दाबली. या वेळी बरोबर सापडली.

“जिम,” तो म्हणाला. “जिम बोलतोय.”